पाहुणीचे सहा दिवस

“ही सही कोणाची?”

धुळ्याहून आलेल्या ऑडिटर साहेबांनी वही माझ्याकडे फिरवली आणि सहीच्या खाली पेन्सिलीचं बारीक टिंब केलं. आता माझी सही मला ओळखू येणार नाही असं तर काही नव्हतं. प्रमिला पितांबर बोरसे, तिन्ही शब्द पूर्ण लिहिलेले. मी म्हटलं, माझीच आहे.

त्यांनी शेजारी ठेवलेली माझ्या नेमणुकीची फाइल उघडली. एक ऑर्डर सहा ऑगस्ट एकोणनव्वदला संपत होती आणि दुसरी आठ ऑगस्टला सुरू होत होती. सही होती सात ऑगस्टची. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशी मी या संस्थेची कोणीच नव्हते. मग केळीच्या चार वॅगनांच्या कागदांवर तुम्ही कोणत्या नात्याने सही केली, असं त्यांनी विचारलं, तेही आवाज न चढवता. मला उत्तर येत होतं. पण माझ्या पाठीशी हेडक्लार्क जीवराम आबा उभे होते. त्यांच्या हातातलं रजिस्टर टेबलावर टेकलं आणि पुन्हा उचललं गेलं, ते मला न बघताही समजलं. मी वही परत त्यांच्याकडे फिरवली.

“अशा सहा तारखा आहेत,” ऑडिटर म्हणाले. “शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या.”

हे सोमवारी झालं, दोन जुलै नव्वदला. आणि माझी चालू ऑर्डर संपणार होती त्याच शनिवारी.

हे ब्रेकचं प्रकरण काय ते सांगते. सभासदांची केळी गोळा करून रेल्वेने दिल्लीकडे पाठवणं हा आमच्या जळगावच्या संस्थेचा धंदा. मी तिथे हिशेबाच्या टेबलावर, चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. सलग वर्ष भरू द्यायचं नाही, म्हणजे कायम करा म्हणायला माणसाला तोंड राहत नाही. फायलीत याला सेवाखंड म्हणतात. एकदा तर हा ब्रेक नेमका रविवारी येत होता. रविवारी सगळ्यांनाच सुट्टी, मग ब्रेक दिसणार कसा, म्हणून ऑर्डर एक दिवस वाढवून ब्रेक सोमवारी दिला. एवढी काळजी आमच्या संस्थेत दुसऱ्या कशाचीच घेतलेली मी पाहिली नाही.

पण ब्रेक माझा असतो, केळीचा नसतो. स्टेशनावर वॅगन लागली की ती भरून काढावी लागते, आणि मालाची यादी तपासून हिशेबाच्या माणसाने सही केल्याशिवाय कागद पुढे जात नाहीत. ते काम येणारी मी एकटी. म्हणून पहिल्याच ब्रेकच्या आदल्या दिवशी आबा माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, उद्या ये, पण मस्टरवर सही करू नको. मी आले. त्यांनी मला मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, बाहेरच्या माणसाला दिसू नये म्हणून, आणि स्वतःच्या खिशातून चहा मागवला. म्हणाले, “आज तू आमची पाहुणी.” तेव्हापासून ती प्रथाच पडली. ब्रेकच्या दिवशी सगळं ऑफिस मला पाहुणी म्हणे. “पाहुणीबाई, ही यादी बघा.” “पाहुणीबाई, या वॅगनीचं वजन जुळत नाही.” मीही हसत असे. सहा वर्षं मी त्यावर हसले, याचा आता मला स्वतःचाच राग येतो.

मंगळवारी सेक्रेटरी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. त्या केबिनमध्ये मला खुर्ची मिळाली म्हणजे काहीतरी महाग पडणार, हे मी ओळखलं. खुलासा त्यांनी टाइप करूनच ठेवला होता. सदर सहा दिवशी मी कार्यालयात हजर नव्हते. मागाहून सह्या करताना माझ्या नजरचुकीने चुकीच्या तारखा पडल्या. तरी माफी असावी. खाली माझं नाव आणि सहीपुरती जागा. मी हजर होते असं कागदावर आलं, तर सगळे ब्रेक खोटे ठरले असते.

मी विचारलं, सहाच्या सहा वेळा नजरचूक झाली?

ते म्हणाले, माणूस आहे, चुकतो. मग सुपारी कातरत हळूहळू मुद्द्यावर आले. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये कायम करण्याचा विषय ठेवतो आहोत, तुमचं नाव पहिलं आहे. एक कागद तर आहे. आणि नाहीच दिलात तर संस्था म्हणून आम्हालाही विचार करावा लागेल, पुढची ऑर्डर माझ्या एकट्याच्या हातात नसते. हे सगळं त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर मलाच वाटलं, मी उगीच ताणते आहे.

कायम करण्याचा विषय. तो विषय मी सहा वर्षं ऐकत होते. मध्यंतरी वना नावाचा एक मुलगा लागला, संचालकांच्या नात्यातला. जमा कुठली आणि नावे कुठलं हे मी त्याला शिकवलं. दीड वर्षात तो कायम झाला आणि आता माझा रजेचा अर्ज त्याच्या सहीने मंजूर होतो. वाईट नाही बिचारा, ताई ताई करतो, अर्ज घेताना लाजतो. पण त्याच्या लाजण्याने माझी खुर्ची काही बदलली नाही.

टाइप केलेला कागद पर्समध्ये घालून मी घरी आले. पितांबर, माझा नवरा, डाळमिलमध्ये मशीनवर आहे. त्याने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“सही करी टाक,” तो म्हणाला. “काय जास तुन्हं? आमना मिलमा ते ऑर्डरबी नही आनि ब्रेकबी नही. सांज पडनी का घर.”

त्याचं चुकत नव्हतं. मुलगी चौथीत होती. मिलचा सीझन उतरला की त्याची पाळी कधी बंद पडेल याचा भरवसा नसे, तेव्हा माझ्याच पगारावर घर चालत असे. मी त्याला म्हटलं, अरे, मी त्या दिवशी नव्हतेच असं लिहायचं आहे. तो म्हणाला, मग लिहून टाक, तुला ठाऊक आहे ना तू होतीस. मला ठाऊक असून काय करायचं, असं मी म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही चिडून जेवलो.

बुधवारभर मी तो कागद टेबलाच्या खणात ठेवून काम केलं. दोनदा पेन उघडलं. एकदा तर नावातला ‘प्र’ टेकवणार, एवढ्यात फोन वाजला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो फोन आला नसता तर सही झाली असती.

गुरुवारी माझी उरलेली एकुलती एक रजा टाकून मी धुळ्याची एसटी धरली. देवपुरात माझं माहेर. आईला काही विचारायला निघाले होते असं नाही. ती कधी शाळेत गेली नाही, सेवाखंड तिला काय कळणार. पण डोकं इतकं तापलं होतं की चार तास तरी कुठेतरी टेकावं असं वाटलं. पारोळ्यापर्यंत मी खिडकीला डोकं लावून नुसती बसून होते.

आई, भिकुबाई, ओट्यावर बसून बाजरी निवडत होती. मी पण सुपापाशी बसले आणि खडे काढता काढता सगळं सांगितलं. ती बाजरी निवडतच राहिली. तारखा सांगत होते, त्यातली एक होती दोन डिसेंबर पंच्याऐंशी. तेव्हा तिचा हात थांबला.

“तवय पोरले गोवर निंघेल व्हता ना?”

मला पटकन आठवलं नाही. मग आठवलं. मुलगी चार वर्षांची होती. अंगभर पुरळ आणि तापाने फणफणलेली. मी दोन दिवस आधी आईला धुळ्याहून बोलावून घेतलं होतं. ब्रेकचा दिवस होता, हक्काने घरी राहता आलं असतं, पण पाच वॅगना लागल्या होत्या म्हणून आबांनी निरोप पाठवला आणि मी गेले. मुलगी पदर सोडत नव्हती. आईने तिची मूठ उघडून माझा पदर सोडवला होता.

“मी पोरना उसाले बठेल व्हतू,” आई म्हणाली. “दिनभर ती माय माय करे. तू तठे गयथी का नही?”

“गेले होते.”

“मंग नही गयथी, असं कसाले सांगस?”

एवढंच बोलून ती पुन्हा बाजरीत हात घालून बसली. मला मात्र भडभडून आलं. मी तिथे ओट्यावर, येणाजाणाऱ्यांच्या देखत, तोंडाला पदर लावून रडले. सहा वर्षांत त्या नोकरीपायी मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी मी ऑफिसात नव्हते असं लिहून द्यायचं, तर मग होते कुठे? पोर तापात माय माय करत असताना मी कुठे होते, हे मी त्या कागदावर काय म्हणून लिहिणार होते? आईने मला रडू दिलं. मग भाकरी टाकायला आत गेली. जेवून मी दुपारच्या गाडीने जळगावला परतले. येताना खिडकीबाहेरचं सगळं शिवार मी नीट पाहिलं, पेरण्या कुठवर आल्या तेही पाहिलं. म्हणजे डोकं निवलं होतं.

घरी आल्यावर पितांबरला सांगितलं की मी खरं ते लिहून देणार आणि नवी ऑर्डर घेणार नाही. जामनेरच्या मार्केटातल्या एका आडत्याने आपल्या वह्या सांभाळायला मला दोनदा विचारलं होतं. पगार इथल्यापेक्षा कमी, रोज एसटीचे धक्के. त्याने पगाराचा आकडा दोनदा विचारला. मग म्हणाला की जामनेरची पहिली गाडी सकाळी लवकर असते, तुला स्टँडवर मी सायकलवर सोडत जाईन. रागाने म्हणाला की प्रेमाने, ते मी त्याला विचारलं नाही.

आता उरले होते जीवराम आबा. खरं सांगायचं तर माझा पाय अडकला होता तो तिथेच.

शुक्रवारी दुपारी आबा मला घेऊन गोडाऊनच्या मागच्या लिंबाखाली आले. ते सावद्याकडचे. एकतीस वर्षं नोकरी झालेली, रिटायर व्हायला आठ महिने उरलेले. मला हिशेब शिकवला तो यांनी. कॉलेजात बी.कॉम. झाले होते, पण खरी वही कशी लिहायची ते इथे, यांच्या हाताखाली शिकले. खाडाखोड न करता चूक कशी दुरुस्त करायची, गर्दीत यादी वाचताना आकड्यावरून बोट कसं उचलायचं नाही, हे सगळं.

“मले तुले काही सांगायचं नाही,” आबा म्हणाले. “पन सांगाले पाठोलं आहे.”

मी म्हटलं, सांगा मग. त्यांचा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता. मग त्यांनी जे सांगितलं ते सेक्रेटरींनी पाठवलेलं नव्हतं.

“माह्याजोळ लेखी काहीच नाही, प्रमिला. साहेब मले तोंडी सांगे, मी तुले तोंडी सांगे. तू खरं लिहिलं तर ते कानावर हात ठेवतीन. म्हनतीन, जीवरामनं आपल्या मनानं बोलावलं. माह्ये आठ महिने राह्यले.”

सही कर, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं, भांडता तरी आलं असतं. मी त्यांना म्हटलं, आबा, मी तुमचं नाव कुठेही लिहिणार नाही. त्यांनी मान हलवली आणि धोतराचा सोगा सावरत आत निघून गेले. मला त्यांची दया आली आणि रागही आला. सहा वेळा त्यांनी मला मागच्या दाराने आत घेतलं होतं, आणि सहाही वेळा चहा पाजला होता.

शनिवारी मी वेळेच्या आधी ऑफिसात गेले. खणातला टाइप केलेला कागद काढून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला, सही न करताच. ते आल्याबरोबर मला आत बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही.

“म्हणजे तुम्हाला पुढची ऑर्डर नको?”

“नको, साहेब.”

त्यांना बहुधा वाटलं होतं की मी रडेन किंवा मुदत मागेन. एक शब्द ऐकून ते जरा गोंधळले. मग म्हणाले, तुम्ही पस्तावाल, बाहेर काय नोकऱ्या पडल्या आहेत का. मी म्हटलं, जामनेरला एक पडली आहे. त्यावर त्यांनी विचारलं, तिथे तुम्हाला ऑर्डर देणार आहेत का. मी म्हटलं, नाही, तिथे ऑर्डर नाही आणि ब्रेकही नाही. हे बोलताना मला मनातून हसू येत होतं, कारण हे वाक्य पितांबरचं होतं आणि तो मला सही कर म्हणून सांगताना बोलला होता.

बाहेर येऊन मी माझ्या टेबलावर बसले आणि खुलासा हाताने लिहिला. त्यात काही विशेष नव्हतं. सहा तारखा लिहिल्या. खाली लिहिलं की या सहाही दिवशी मी कार्यालयात हजर राहून काम केलं आहे, सह्या माझ्या आहेत आणि तारखा बरोबर आहेत. नवीन नेमणूक मला नको आहे. बस. दोन डिसेंबर पंच्याऐंशी लिहिताना मी ती जरा ठळक काढली, एवढाच काय तो हट्ट.

ऑफिसात येणारा प्रत्येक कागद आबांच्या टेबलावरून जातो. ते आवक रजिस्टरमध्ये नोंद करतात, नंबर टाकतात, मग कागद पुढे जातो. मी खुलासा त्यांच्यापुढे ठेवला. दहा जणांचं ऑफिस माना वळवून बघत होतं. वना पाणी प्यायला उठला होता, तो पेला घेऊन तसाच उभा.

आबांनी चष्मा लावला. माझं काम तपासत तसाच त्यांनी तो कागद तपासला, ओळीवर बोट ठेवून, वरून खाली. शेवटच्या ओळीशी आले, परत वर गेले. मला वाटलं, आता नोंद करतील आणि मी मोकळी होईन. पण त्यांनी रजिस्टर ओढलं नाही.

“याच्यात एक गोष्ट राह्यली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, सगळं आहे, आबा.

“नाही. आपल्या मनानं आली का कोनी बोलावलं, ते नाही.”

“ते मी मुद्दामच...”

“ते मले माहीत आहे.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या सहीच्या खाली थोडी जागा होती, तिथे त्यांनी लिहायला घेतलं. आबांचं अक्षर मोत्यासारखं, पण त्या दिवशी पहिला शब्द जरा हलला. मग सरळ आलं. वरील सहाही दिवशी श्रीमती बोरसे यांना कामावर मी बोलावले होते. ते मला वरून आलेल्या तोंडी सूचनेप्रमाणे. खाली सही, पूर्ण नाव, हेडक्लार्क.

“आबा, तुमचे आठ महिने,” मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, पाहून घे, काही चुकलं आहे का. सहा वर्षं मी माझ्या याद्या त्यांना दाखवत आले, त्यांनी आपलं लिहिलेलं मला कधी दाखवलं नव्हतं. मी वाचलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून दोनदा वाचावं लागलं. चुकलेलं काही नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

मग त्यांनी रजिस्टर ओढलं, नोंद केली, शिक्का मारला. कागद दोन्ही हातांत धरून ते उठले. ऑडिटर साहेब कोपऱ्यातल्या खोलीत बसत, आणि तिकडे जायचं तर सेक्रेटरींच्या केबिनवरून जावं लागे. केबिनचं दार उघडं होतं. आतून साहेबांनी हाक मारली, “जीवराम, इकडे आणा तो कागद.”

आबा दारापाशी क्षणभर थांबले, आत बघून मान लववली आणि तसेच पुढे चालत गेले.